साहेबांचं तासाचं दार

पिंपरीच्या माळावर १९५६ साली औषधांचा एक कारखाना उभा राहिला. त्याची सगळी दारं माझ्या हातची. मी ज्योतीराम सुतार, पिंपळे गुरवचा. दार जळायला किती वेळ लागतो, असं विचारणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

तो भेटला मुंबईहून आलेल्या विम्याच्या इंजिनिअरच्या रूपानं. त्यानं कागदावर लिहून दिलं. स्पिरिटच्या गोदामाला एक तासाचं दार, म्हणजे आगीला तासभर अडवून धरणारं. सव्वादोन इंच जाड सागवान, चौकटीत घट्ट. जिन्याला अर्ध्या तासाचं. ऑफिसच्या खोल्यांना कसलंही चालेल.

ते ‘कसलंही’ वाचून मॅनेजर हिंदुरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“नूरमोहम्मदला एक तास आणि मला कसलंही?” त्यांनी मला विचारलं, जणू कागद मीच लिहिला होता.

नूरमोहम्मद गोदाम सांभाळायचा. कुरुळीहून सायकलवर यायचा, माझा जिवाभावाचा दोस्त. दिवसभर स्पिरिटच्या पिंपांशेजारी बसायचा आणि दाराबाहेरच्या शेडमध्ये वेल्डिंग चालायचं. शेड पेटली तर मागच्या दारानं त्याला पळता यावं, म्हणून तो एक तास.

“साहेब, आग माणसाची खुर्ची बघून येत न्हाई,” मी म्हणालो.

“तू रंधा मार,” ते म्हणाले.

मी रंधा मारला. एक तासाचं दार साहेबांना गेलं, अर्ध्या तासाचं हेडक्लार्क उद्धवरावांनी पटकावलं आणि गोदामाला लागलं फळ्यांचं दार. त्याच्या फटींतून वेल्डिंगचा उजेड थेट आत पडायचा. साहेबांची खोली पश्चिमेची, दारावर पावसाचा मारा होणार, एवढं घट्ट दार फुगेल, हेही मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी साहेब खोलीत शिरले आणि त्यांनी दार जोरात लावून घेतलं. ते काही पुन्हा उघडेना. अकरा वाजता मुंबईचे डायरेक्टर यायचे होते. उद्धवराव धापा टाकत मला बोलवायला आले.

मी खिडकीशी गेलो. गजांआड साहेब घामाघूम झाले होते.

“तोड ते दार,” ते म्हणाले.

“तोडायला तास तरी लागंल, साहेब. तुमीच तसं मागितलं होतं.”

“दुसरा काही उपाय?”

“हाय. बिजागऱ्यांच्या खिळ्या आतल्या अंगाला हायेत. त्या तुमी ठोकून काढा, मी भायेरनं खांदा लावतो.”

त्यांनी गजांतून हात पुढे केला. मी हातोडी मागे घेतली.

“आधी सांगा, हे दार मग कुठं बसवायचं?”

साहेब समजले. “गोदामाला? तिथं शोभतं का ते?”

“नूरभाईच्या खोलीत वीस पिंपं स्पिरिट हाय, साहेब. तुमच्या खोलीत तुमी एकटे.”

बोलून तर गेलो. उद्याच कामावरून हाकलतील, असं वाटलं. उद्धवराव जमिनीकडे बघत उभे होते. साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते.

“दे हातोडी,” ते म्हणाले.

पहिला घाव त्यांच्या अंगठ्यावर बसला. “साहेब, खालून वर ठोका,” असं उद्धवराव खिडकीतून सांगत राहिले, आणि साहेबांनी त्यांना कारखान्यात कधी ऐकू न आलेल्या शिव्या दिल्या. तिसरी खिळी निघाली तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. मी खांदा लावला. दार आत कोसळलं तसे साहेब टुणकन खुर्चीवर चढले.

डायरेक्टर गेल्यावर दुपारी मी दाराच्या कडा रंध्यानं साफ केल्या आणि ते गोदामाला बसवलं. नूरभाईनं ते लावून घेतलं. वेल्डिंगचा उजेड बंद झाला.

“ज्योतीभाऊ,” तो म्हणाला, “रोज घरून निघताना पोरींकडे नीट बघून निघायचो. परत दिसतील का, कुणास ठाऊक.”

मी भुशानं माखलेल्या हातानंच डोळे पुसले आणि ते आणखी चुरचुरले.

नूरभाईनं दार पुन्हा उघडलं, तेवढ्यात साहेबांचा शिपाई दारावरून चालला होता. तो थांबला, दाराची जाडी बघितली आणि नूरभाईला सलाम ठोकून पुढे गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मला हसू आलं आणि संतापही आला. स्पिरिट तर पहिल्या दिवसापासून तिथंच होतं, आणि नूरभाईही.