रिकामी गोधडी

भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून उधव्याच्या त्या पाड्यावर रात्री कुणी घरात निजत नव्हतं. दक्षाने परसातल्या बागेत, शेवग्यापासून लांब, ताडपत्री अंथरली होती. तिथे ती, तिची सासू तुळशी आणि लहानगी लेक शितल अशा तिघी झोपायच्या. नवरा रूपेश गुजरातेतल्या कंपनीत रातपाळीला.

झोपायच्या म्हणजे नुसत्या पडायच्या. कान जमिनीला टेकला की दक्षाला भुई हलल्याचा भास व्हायचा, म्हणून ती आभाळाकडे बघत राही. ते कळल्यावर रूपेशने तिला फोनने चांदण्यांचे फोटो काढायला शिकवलं. उलट्या बादलीवर, विटेला टेकवून फोन ठेवायचा, बटण दाबायचं आणि हात न लावता थांबायचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या चांदण्याही त्यात उतरत. तेवढा वेळ भीती जरा मागे सरायची.

"आभाळ नाही पडत पोरी, भुईवर लक्ष ठेव," तुळशी म्हणायची.

त्या रात्री दव फार पडलं होतं. शितल खोकत होती. दक्षा बागेच्या टोकाला, वालाच्या वाफ्यापाशी फोनवर ओणवी झाली होती. पडद्यावर मृगातले तारे उमटले आणि ती त्यांच्यातच गुंगली.

तेवढ्यात जमिनीखालून घरघर आली, माल भरलेला ट्रक पायाखालून जावा तशी. बादली कलंडली. कुत्री ओरडायला लागली. दक्षा अंथरुणाकडे धावली, गोधडीत हात घातला. गोधडी अजून उबदार होती, पण आत कुणी नव्हतं.

"शितल! आई!"

घरातून खोकला ऐकू आला.

कौलं सटासट खाली येत होती. "आत जाऊ नको गं!" शेजारचा चिमण कुंपणापलीकडून ओरडला, तोवर तिने उंबरा ओलांडलाही होता. तोंडात धूळ गेली. काही दिसेना. चाचपडत चुलीपर्यंत गेली, तेव्हा बोटांना सासूची पाठ लागली. भाताच्या कणगीला खेटून, नातीला पोटाखाली घेऊन म्हातारी वाकली होती.

दक्षाने लेकीला कडेवर घेतलं, सासूचं मनगट धरलं आणि ओढतच बाहेर आणलं. मागे भिंतीचा तुकडा धपकन पडला.

तुळशीच्या खांद्यातून रक्त येत होतं. चिमणने आपला टॉवेल आवळून बांधला.

"पोरीला गारठा बाधत होता, म्हणून नेली," तुळशी म्हणाली. "तुला हाक मारली होती."

दक्षाने ती हाक ऐकलीच नव्हती. आता तिला धक्क्याहून त्याचीच जास्त भीती वाटली. फोन वालाच्या वेलात कुठेतरी पडला होता; तो शोधायला ती उठली नाही.

पहाटेपर्यंत जमीन पुन्हा पुन्हा हलली. दर वेळी दक्षा शितलला हाक मारी आणि पोरीने "ओ" दिल्यावरच श्वास सोडी.

"निजू दे तिला आता," तुळशी म्हणाली.

"मग तुम्ही ओ द्या, आई."

"देते गं. मार हाक."