वाकलेली देवी

टेंपोवाल्या महेशनं देवीच्या कमरेला दोर आवळला आणि सुमंगलानं मान दुसरीकडे फिरवली. तिनं दोन वर्षं खपून केलेली, माणसाच्याच उंचीची ब्राँझची मूर्ती तिच्याच गावातून, तिच्याच डोळ्यांदेखत टेंपोत चढणार होती. बेळगावच्या ओताऱ्याकडे नेऊन ती वितळवायची आणि त्याच धातूतून दुसरी, ताठ उभी देवी ओतून घ्यायची, असं देवस्थान कमिटीनं सकाळीच ठरवलं होतं.

"रागवू नको पोरी," कमिटीचे महाबळेश्वर काका म्हणाले. "हात चांगला हाय तुझा. पर ही कसली गे देवी? गुडघं वाकल्यालं, मानेच्या शिरा तटतटल्यात, दोन्ही हात वर. हातात शस्त्र न्हाई, आशीर्वाद न्हाई. देवीनं पावायचं का हमाली करायची?"

मंडपातली माणसं हसली. सुमंगलाला हसू आलं नाही. मेणात या पोटऱ्या तिनं तीनदा मोडून पुन्हा केल्या होत्या. पायाची बोटं जमीन धरून असली पाहिजेत, टाच जराही उचलता कामा नये, म्हणून ओताऱ्याशी भांडली होती. लहानपणी आई डोक्यावर भारा घेऊन दारात उभी राहायची. एकटीला तो उतरवता यायचा नाही, आणि सुमंगलाचे हात तिथवर पोचायचे नाहीत. हे चारचौघांत कसं सांगायचं? आणि सांगून पटवावी लागली तर ती मूर्ती कसली? या हट्टापायी ती सकाळपासून गप्प होती, आणि आता त्या हट्टाचाच तिला राग येत होता.

"चला रे, धरा," काका म्हणाले. "जेवणवेळेपातूर रामनगर गाठायचं हाय, म्हंजे सांजंपातूर बेळगाव."

तेवढ्यात देवळामागच्या पायवाटेनं सुक्या पाल्याचा भलामोठा भारा चालत आला. खाली दोन पाय दिसत होते, म्हणून आत माणूस आहे एवढं कळत होतं. ती काकांची बायको, शांतीकाकी. तरवा, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायला पाला आणला होता तिनं. घरी उतरून घ्यायला चिटपाखरू नव्हतं, सगळे देवळात जमलेले, म्हणून ती तशीच पुढं चालत आली होती.

"कोन हाय का गे? मान मोडली माझी!"

पुरुषमाणसं दोराच्या गाठीत गुंतली होती. पाला डोळ्यांवर उतरल्यामुळे काकीला फक्त पायाखालची जमीन दिसत होती. चार पावलं आली आणि ती थांबली. समोर दोन पाय होते. घट्ट रोवलेले, गुडघ्यात वाकलेले, वर गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं.

"धर गे बाय," ती म्हणाली आणि मान झुकवून तिनं भारा पुढं सोडला.

तो देवीच्या दोन्ही तळव्यांवर जाऊन बसला. तसूभरही हलला नाही.

काकीनं मान चोळत वर बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"अगे माझे आये! देवीच्या हातात भारा दिला मी!" तिनं दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"डोळं फुटलं काय तुझं?" काका धावले. "मानूस हाय का देव हाय, कळंना व्हय?"

"पाय बघितलं न्हवं मी!" काकी रडकुंडीला आली होती, पण ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "भारा घ्यायला हुबं ऱ्हायलेलं पाय हायत त्ये. चाळीस वर्सं भारं व्हायली मी, मला कळत न्हाई? उगंच हुबं ऱ्हायलेलं पाय असं नसत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी कवा आलाव भाऱ्याखाली, म्हंजे तुमास्नी कळंल?"

या वेळी कुणी हसलं नाही. जे सुमंगलाला दोन वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं, ते काकीनं पाय बघून ओळखलं होतं.

काकी भारा परत घ्यायला पुढं झाली, पण एकटीला तो पेलेना. काका होते तिथंच उभे होते. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल महेशकडे फेकला, चपला काढल्या आणि देवीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. गुडघे वाकवले, हात वर केले. मानेच्या शिरा तटतटल्या, पायाच्या बोटांनी जमीन धरली.

"हां, सोड आता," ते काकीला म्हणाले.

सुमंगला त्यांच्या टाचांकडे बघत होती. जराही उचलल्या नव्हत्या.

"काका," महेश दोराचं टोक हातात धरून म्हणाला, "टेंपो मागं घिऊ न्हवं, देवी चढवाय?"

"आधी ह्यो उतरू दे."

भारा जमिनीला टेकला. काकांनी धापा टाकत कपाळ पुसलं आणि देवीच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"टेंपो रिकामा जाऊ दे," ते म्हणाले. "आन् तिच्या कमरंचा दोर काढ आधी. लई घट्ट बसलाय."