शोकाकुलांची रिकामी ओळ

"तुम्ही अकरा मुलांची वयं खोडलीत. एसीत बसून, कॉफीचे घोट घेत खोडलीत. आणि खाली सही करायला तुमच्यापाशी नावसुद्धा नाही."

मेलच्या एवढ्या ओळी रुपालीने तावातावाने लिहिल्या आणि पाठवायच्या कुणाला, तेच तिला कळेना. 'बदल वरून आलेत,' एवढंच प्रदर्शन भरवणारे चंद्रशेखर सर म्हणाले होते. वर म्हणजे कुठे, विचारलं तर त्यांनी बोट छताकडे केलं. छताला पंखा होता.

फेब्रुवारीत सिंगापुरात, हौगांगमधल्या तिच्या ब्लॉकखाली, मोकळ्या तळमजल्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींचं प्रदर्शन भरणार होतं. रुपाली एरवी प्रयोगशाळेत तांदळाच्या वाणांवर काम करायची. पण एक फलक तिने लिहायला मागून घेतला आणि चार महिन्यांचे शनिवार एका जुन्या दफन-नोंदवहीत घातले. जपानी विमानांनी या भागातल्या मजुरांच्या खोल्यांवर बॉम्ब टाकले होते. त्यात मेलेली अकरा मुलं तिला सापडली. नावं नव्हती. लिहिणाऱ्याने विचारायचा कंटाळा केला असेल, नाहीतर सांगायला आईबाप उरले नसतील. 'मुलगी, अंदाजे तीन.' 'मुलगा, चार.' 'मुलगा, अंगावरच्या सदऱ्यावरून सहा.' वय तेवढं होतं.

ते तिने जसंच्या तसं लिहून दिलं. परत आलं ते असं: 'हवाई हल्ल्यांचा अनेक कुटुंबांवर परिणाम झाला.'

परिणाम. सर्दीचा परीक्षेवर होतो तसा.

तिने सरांना फोन लावला.

"अहो रुपालीताई, वीकेंडला लोक पोराबाळांना घेऊन येतात," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "ते तीन, चार, सहा वाचून कुणाच्या घशाखाली घास उतरेल का?"

"उतरू नये म्हणूनच लिहिलंय, सर."

"शिवाय जागा नाही हो. फलक निम्मा केलाय. शेजारी विमान येतंय."

"कसलं विमान?"

"पुठ्ठ्याचं, मोठ्ठं. पायलटच्या चेहऱ्याच्या जागी भोक आहे. मुलं तोंड घालतील, फोटो काढतील. रांग लागेल बघा."

फोन ठेवून ती बेसिनपाशी गेली आणि थुंकली. तोंडात काहीच नव्हतं, तरी दोनदा थुंकली.

मग तिने ठरवलं. तिच्या बौद्ध घरात माणूस गेला की जलदान विधी होतो, त्याची पत्रिका निघते. या अकरांची कधी निघाली नव्हती. संध्याकाळी जुरोंग आयलंडवरून कंपनीच्या बसने नवरा घरी आला, गळ्यात पास लटकलेला, तेव्हा ती टाइप करत होती. प्रीतमने मान वाकवून वाचलं. 'जलदान विधी व पुण्यानुमोदन. कालकथित मुलगी, अंदाजे तीन. कालकथित मुलगा, चार.' असे अकरा 'कालकथित'. खाली रविवार, सकाळी दहा, घरचा पत्ता.

"कालकथितच्या पुढे नाव लागतं," तो म्हणाला.

"नाहीये. वय लावलंय."

"आणि शोकाकुलमध्ये कोण?"

"तू सांग."

प्रीतमने पास काढून खुंटीला अडकवला. "माझं नको घालूस. इथल्या नोकरीचा पास रिन्यूला टाकलाय, माहितीये ना तुला? उद्या कुणी विचारलं, हे काय चाललंय..."

"मेलेल्या पोरांना पाणी द्यायला भितोस?"

"भितो. तू नाही भीत? मग तुझं घाल."

तिचाही नोकरीचा पास जूनमध्ये संपत होता. आधी तिला नवऱ्याची किळस आली, मग स्वतःची, आणि स्वतःची जास्त आली. 'शोकाकुल' शब्दापुढे काही न लिहिता तिने पत्रिका छापली.

शनिवारी प्रदर्शन उघडलं, तेव्हा सकाळीच ती खाली उतरली. विमानापुढे खरंच रांग होती. एका बापाने आपल्या लेकीला उचलून भोकापाशी धरलं होतं. तिचे पाय हवेत लोंबत होते, एका पायातली चप्पल खाली पडली होती. बाप म्हणत होता, "स्माइल, स्माइल!" पोर तीनेक वर्षांची असेल. निम्मा केलेला फलक कुणी वाचत नव्हतं. त्याला टेकून कुणीतरी छत्री उभी केली होती.

रुपालीने चप्पल उचलून पोरीच्या पायात घातली. मग टेबलापाशी बसलेल्या सरांपुढे पत्रिका ठेवली.

सरांनी वाचली. मध्येच चष्मा काढला, पुसला, परत वाचली. "सगळं ठीक आहे," ते हळूच म्हणाले, "पण शोकाकुलमध्ये कुणीच नाही."

"हो. आईबापांचा पत्ता नाही. नवरा भ्याला. मीही भ्याले." तिने त्यांच्याच खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्यासमोर, ठळक अक्षरांत लिहिलं: रुपाली प्रीतम जाधव, ब्लॉक आणि मजल्यासकट. मग पेन त्यांच्यापुढे धरलं.

सरांनी पेन घेतलं नाही. नजर छताकडे गेली.

"तिकडे बघू नका, सर. तिकडे पंखा आहे. ज्यांनी वयं खोडली त्यांना आत्ता, माझ्यासमोर फोन लावा. मी इथेच उभी आहे. त्यांना विचारा, माझ्या नावाखालच्या ओळीत कुणाचं नाव लिहू?"