वाटून खाल्लेली पुडी

गुरुवारी देवास जिल्ह्यातल्या लोहारद्याला पुडीवाल्या महाराजांचा दरबार भरला की बाजारात सायकलसुद्धा शिरत नाही. डहीपासून, उदयनगरपासून माणसं येतात. ताप, गळू, खोकला, न भरणारी जखम, सगळ्यांवर एकच इलाज: करड्या भभूतीची, म्हणजे अंगाऱ्याची, पुडी. आणि पंचाईत अशी की गुण येतो. मी थट्टा करायला गेलो होतो; समोरच एका म्हाताऱ्याचं आठवड्यापूर्वीचं गळू बसलेलं पाहून थट्टा खिशात ठेवली.

महाराज डोळे मिटून सांगत होते, "अग्निकुंड से निकली है, बेटा. बस, खाली पेट मत लेना. और दूध के संग तो बिलकुल नहीं."

साक्षात अग्नीतून आलेली वस्तू दुधाला घाबरते, एवढं मी मनात टिपून ठेवलं.

माझी आत्या यमुनाबाई दोन वर्षांपासून या पुडीची भक्त. आमच्याकडे प्रसाद एकट्यानं खात नाहीत. त्यामुळे आत्याबाई एका पुडीचे सात भाग करायच्या. पाच घरच्यांना, एक शेजारच्या इंदूला, आणि उरलेली चिमूट देवघरातल्या डबीत, पुढच्या शिंकेसाठी. ताप उतरला की पुडी बंद. देवाला जास्त त्रास कशाला द्या.

मागच्या महिन्यात त्या अंगणात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. देवासच्या एका नर्सिंग होममध्ये आत स्टीलची प्लेट बसवली. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू आला. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं. ताप जागचा हलेना. त्यांचा मुलगा शालिग्राम मला जिन्यात गाठून म्हणाला, "भिया, इथले इंजेक्शन काम नी करत. महाराजांची पुडी एका दिवसात ताप उतरवते."

इलाज आधीच सुरू होता. नर्सची पाठ वळली की त्याची बायको जया ड्रेसिंग उचलून जखमेवर चिमूट सोडायची, आणि त्याच बोटांनी वॉर्डातल्या बाकी तीन खाटांना प्रसाद द्यायची.

लॅबमधल्या कल्पनानं पुवाचा नमुना पाहिला आणि बाहेर येऊन विचारलं, "ह्यात राख कुठून आली?" जयानं पदराची गाठ सोडून पुडी पुढे केली.

दोन दिवसांनी कल्पनानं आम्हाला तीन काचेच्या बश्या दाखवल्या. पहिलीत लॅबमधले साधे जंतू सायीसारखे पसरलेले, मध्ये चुलीतली राख. जंतूंना तिचं काही वाटलं नव्हतं. दुसरीत तेच जंतू, पण मध्ये महाराजांची भभूत. तिच्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. तिथले जंतू मेले होते.

"बघा, झाला ना चमत्कार," शालिग्राम म्हणाला.

"चमत्कार नाही, दादा. अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घातल्यात. भिंगाखाली गोळ्यांच्या सालीचे निळे तुकडे दिसतात. दुधासोबत त्या नीट लागू पडत नाहीत, पथ्य त्यासाठीच."

तिसऱ्या बशीत आत्याबाईंच्या जखमेतले जंतू होते. मध्ये भभूत, कडेनं डॉक्टरांच्या बारा औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या. भभूतीभोवती वर्तुळ नव्हतंच. अकरा टिकल्यांना जंतू जाऊन भिडले होते. बाराव्या टिकलीभोवती नखाएवढी मोकळी जागा होती.

"अर्धवट औषधानं दुबळे मरतात, दांडगे राहतात," कल्पना म्हणाली. "दोन वर्षं त्यांचीच पैदास झाली. इथं दवाखान्यातले मुरलेले जंतू सोबतीला मिळाले. आता हे मरत तर नाहीतच, वर मांस खात चाललेत."

"मतलब, आईनं जी वाटली..." शालिग्राम म्हणाला.

आत्याबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे गुण गोळीचा, नि नमस्कार महाराजाला." मग, "अन् मी सगळ्यांना वाटली रे. जयाच्या हातून त्या माधवीलाही." माधवी समोरच्या खाटेवरची. तेवीस वर्षांची, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून तिनं प्रसाद घेतला होता.

बारावं औषध सुरू झालं. ते मूत्रपिंडाला झेपेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आत्याबाईंचा ताप उतरू लागला. लघवीही कमी होऊ लागली.

शालिग्रामनं गुरुवारी भर दरबारात उभं राहून पुडीत काय आहे ते सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे महाराज अस्सल औषध देतात तर," एकजण समाधानानं म्हणाला, आणि रांग आणखी लांबली.

तेव्हा साधी विनंती आहे. पुडीत काय आहे हे जो सांगत नाही त्याची पुडी घेऊ नका, मग तो जटा वाढवलेला असो की पांढरा कोट घातलेला. अँटिबायोटिक मनानं सुरू करू नका, मनानं थांबवू नका, उरलं म्हणून जपून ठेवू नका. आणि कितीही पुण्य मिळणार असलं तरी वाटू नका.

आज सकाळी कल्पनानं एक नवी बशी दाखवली, माधवीच्या टाक्यांतल्या पुवाची. बारा टिकल्या होत्या. वर्तुळ एकही नव्हतं; जंतू बारावं औषधही पचवून बसले होते. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती दाटी. एवढी गर्दी मी महाराजांच्या दरबारातही पाहिली नव्हती.