पाच ट्रकांत भरलेली विहीर

बसा जरा, पाय मोकळे करा. एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. आधी हसू येईल, मग यायचं नाही.

हा म्हातारा युरेनियमच्या खाणीत लाकूडकाम करायचा. छत खचू नये म्हणून ओंडक्यांचे टेकू लावायचा, म्हणून सगळे त्याला टेकूदादाच म्हणायचे. खाण बंद पडून बावीस वर्षं झाली. आत उतरायच्या उभ्या विहिरी तशाच आ वासून पडलेल्या. यंदा सरकारने त्या बुजवायला घेतल्या आणि जागा दाखवायला टेकूदादाला बोलावलं.

तीन नंबरच्या विहिरीने चौपन्न ट्रक मुरूम गिळला. चार नंबरची तेवढीच खोल, पण पाचव्या ट्रकालाच काठोकाठ भरली.

"हिचं पोट लहान दिसतंय," ड्रायव्हर हसला.

टेकूदादाने ट्रक पुन्हा मोजले. तिथून वीस पावलांवर त्याच्या लेकीचं घर.

तो काम बघणाऱ्या सरकारी साहेबाकडे गेला. "साहेब, खाली पोकळ आहे. खाण बंद झाली तेव्हा मुकादम म्हणाला, तळापासून कुठे भरत बसतोस? वरून पंचवीस फुटांवर ओंडके आडवे घाल, वर हातभर माती पसर. घातले मी. तुमचा मुरूम त्या ओंडक्यांवर बसलाय."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने कागद काढला. "दादा, इथे लिहिलंय, तळापासून भरली, वरचे पंचवीस फूट तेवढे रिकामे. हा अंगठा कुणाचा?"

"माझाच."

"मग कुणाचं खरं धरू? तेव्हाच्या तुमचं की आताच्या? पुन्हा उकरायचं तर युरेनियमची विषारी धूळ उडणार, नवी परवानगी लागणार. यंत्रं उद्या निघाली."

"ओंडके कुजले असतील हो!"

साहेब मान खाली घालून गाडीत बसला.

तिसऱ्या दिवशी वर सिमेंटची लादी पडली. लेक तिच्यावर कपडे वाळत घालायला लागली.

"अगं बाई, बाजूला हो तिथून. घर सोड हे."

"जाऊ कुठे, बाबा? खाणीजवळचं घर घेतंय कोण? आणि जन्मभर सांगत आलात, मी बसवलेलं लाकूड हलत नाही. आता काय झालं?"



पाऊस संपला आणि लादीच्या कडेला भेग दिसली. आधी नखही जात नव्हतं, आता चार बोटं जातात. आतून गार वारा लागतो. म्हातारा ऑफिसात दोनदा जाऊन आला. तिथे आता दुसरेच साहेब. म्हणाले, ती फाइल बंद झाली.

परवा लेकीनेही हात घालून बघितला. तेव्हापासून गाठोडं बांधून बसलीय, पण जायला ठिकाण नाही. म्हणून विचारतो, तुमच्या ओळखीत एखादी खोली आहे का हो? एवढीशी चालेल. लेक आणि तिच्या दोन पोरी, तिघीच. म्हातारा येत नाही म्हणतो. लादीजवळ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणार म्हणे. तेवढं बघा बाबा, कुठे जमलं तर.