कड नसलेली परात

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या हिवाळ्यात उजेड दुपारीच थकायचा, आणि त्या राखाडी उजेडात आमच्या स्वयंपाकघरातून साबुदाण्याचा आवाज यायचा: परातीवर कोरडे दाणे घसरल्याचा, बारीक, सरसरता, थांबून थांबून येणारा. मृणालची आठवण आजही आधी माझ्या कानांना होते. मग दिसतात तिची कुंकवानं रंगलेली बोटं, आणि पांढऱ्यात पांढरं शोधण्याची सवय जडल्यामुळे कायम बारीक झालेले तिचे डोळे.

नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती ती. घरी बोलायचं तर फोन कार्ड खरवडावं लागे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, ती विद्यापीठात संख्याशास्त्राची संशोधक, आणि आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. अलास्काच्या उत्तरेला गोठलेल्या समुद्रावर ध्रुवीय अस्वलं किती उरली आहेत, हे कसं मोजायचं ते ती ठरवायची. मोजायची नव्हे, कसं मोजायचं ते ठरवायची. आणि हा फरक ज्याला कळत नसे त्याच्यावर ती मनापासून चिडायची. माझ्यावर तर रोजच.

मला समजावं म्हणून तिनं परात काढली होती. वाटीभर साबुदाणा उचलायचा, आईनं बॅगेत घातलेलं आणि तिनं कधीच न लावलेलं कुंकू त्याला चोळायचं, ते दाणे पुन्हा पांढऱ्यांत मिसळायचे, आणि नंतर दुसरी वाटी भरून घेऊन तीत लाल किती आले ते पाहायचं. त्यावरून परातीत एकूण दाणे किती असतील ते काढायचं. तिकडे बर्फावरही हेच. हेलिकॉप्टरमधून अस्वलाला गुंगीचं औषध मारायचं, त्याच्या ओठाच्या आत क्रमांक गोंदायचा, आणि पुढच्या वसंतात ते पुन्हा सापडतं का याची वाट पाहायची. उपासाच्या दिवशी मला खिचडीला साबुदाणा उरायचा नाही, पण तिला त्याचं सोयरसुतक नसे.

“परातीला कड आहे गं,” ती म्हणायची, “बर्फाला कुठेय? अस्वल पुन्हा दिसलं नाही, तर ते मेलं का नुसतं लांब आत निघून गेलं? मी डेड धरलं आणि ते तिकडे मजेत सील खात असलं, तर माझा सगळा एस्टिमेटच चुकला ना यार!”

दर वसंतात ती उत्तरेला जायची आणि गॉगलभोवतीचा चेहरा भाजून परत यायची. येताना तिकडची शांतता तिच्याबरोबर घरात शिरायची. बोलता बोलता ती थांबायची, चहा गार होऊ द्यायची. खुणा केलेली अस्वलं पुन्हा दिसेनाशी होत होती, आणि जी दिसत होती त्यांची हाडं कातडीतून जाणवत होती. विमानं आणि हेलिकॉप्टरं किनाऱ्याजवळच घिरट्या घालतात, ती आणखी आत न्या, म्हणून ती बैठकांमध्ये भांडायची. जे दिसत नाही त्याला मेलेलं म्हणायचा घायकुतेपणा तिला सोसत नसे. ते तिच्या स्वभावातच होतं. हरवलेल्या मोज्याचा जोडीदारसुद्धा ती टाकू द्यायची नाही.

अखेर आतल्या मार्गाला परवानगी मिळाली, आणि पहिल्या उड्डाणाला ती स्वतः गेली. धुकं उतरलं. हेलिकॉप्टर परतलं नाही. बर्फाला पडलेल्या भेगांमधून तिथे काळं पाणी दिसतं, असं तीच सांगायची. बरेच दिवस शोध झाला आणि मग थांबला.

तिच्या आई, सुधाकाकू, नागपूरहून एकट्याच सामान न्यायला आल्या. स्वयंपाकघर आवरताना त्यांना मृणालच्या साबुदाण्याची बरणी सापडली.

“हा साबुदाणा लाल कशानं झाला गं? खराब झालाय का?”

मी परात काढली आणि मृणालनं मला दाखवलं होतं तसंच त्यांना दाखवलं. मग लाल दाणे वेचून काढून एकच आत ठेवला. काकू वाटी भरत राहिल्या. बोटांनी दाणे पसरायच्या, पाहायच्या, पुन्हा ओतायच्या. लाल दाणा काही येईना.

“असा कितीदा आला नाही, म्हणजे नाहीच असं धरतात?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

तिथलं पाणी किती गार असतं हे मला ठाऊक होतं. तरी खरं तेच सांगितलं. “काकू, शक्यता कमी कमी होत जाते. शून्य होत नाही.”

“मग मी तिचं दिवसकार्य करत नाही,” काकू म्हणाल्या. ती बरणी त्यांनी सुती साडीत गुंडाळून बॅगेत ठेवली.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यावा, असं गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं. अधूनमधून आमचं फोनवर बोलणं व्हायचं, पण मृणालबद्दल त्या भूतकाळात कधी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज फार थकलेला होता.

“बारा झाली गं. गुरुजी विचारतायत. तू सांग, आता शून्य धरू?”

मृणाल असती तर माझ्यावर कडाडली असती.

“धरा, काकू.”

पलीकडून फक्त कोरडे दाणे परातीवर घसरल्याचा आवाज येत राहिला, बारीक, सरसरता, थांबून थांबून. तेव्हा मला कळलं की काळ कुणालाच शून्य करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाची तरी दया येऊन.