सवतीच्या मापाची पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे, आणि सध्या अर्धीच आहे. करवतीने मला उभं चिरलं, तेव्हापासून माझं पोट उघडं आहे. त्यामुळे पोटातलं बोलायला मला आता कसलीच अडचण नाही.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं अंग. तोंडात गोळी, पोटात दारू, बुडाशी इवलीशी टोपी, आणि हे सगळं सांभाळून धरणारी मी. घोडा ओढला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी पळते आणि नाव होतं रायफलचं! मी तिथेच असते, काळवंडलेली आणि चटके बसलेली. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. मला हेवा वाटतो, असं लोक म्हणतात. वाटतोच. का वाटू नये?

माझा जन्म सर्बियातल्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या चकतीला ओढून ओढून मला लांब केलं, मान घडवली, पेटीत निजवलं आणि पाठवून दिलं इंग्लंडला, बर्मिंगहॅमजवळच्या एका बंदुकांच्या दुकानात. तिथे एके दिवशी श्रीनिवासराव आले. कॉव्हेंट्रीतल्या मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य घालवलेला माणूस, मूळचे खडकीचे. त्यांच्याकडे महायुद्धाच्या काळातली एक थ्री-नॉट-थ्री रायफल होती. तिच्यासाठी पूर्वी लष्कराचा उरलेला माल भरपूर मिळायचा, तो केव्हाच संपला होता. दुकानदाराने त्यांचं बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट बघितलं, आमची नोंद केली आणि मान हलवत म्हणाला, आता ही काडतुसं क्वचितच येतात, तेव्हा पुंगळ्या फेकू नका, जपा. श्रीनिवासराव हसले. टूलरूमच्या माणसाला हे सांगायला लागतं?

आणि मग मी तिला पाहिलं. अक्रोडाच्या लाकडाची, तेल पाजून चकचकीत केलेली, भिंतीला बोल्ट मारलेल्या पोलादी कपाटात राहणारी. तिला मऊ कापडाने पुसायचं. तिला थंडी लागू द्यायची नाही. मला तिच्या पोटात ढकललं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, हीच ती सवत.

तिच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, जागा ऐसपैस होती. युद्धातल्या रायफली तशाच, चिखल गेला तरी अडू नयेत म्हणून सैल केलेल्या. बार उडाला आणि मी फुगले, ताणले, तिच्या भिंतींना जाऊन चिकटले. बाहेर पडले ती तिच्या मापाची होऊन. ती मात्र होती तशीच राहिली.

पण एक गोष्ट झाली, ती सांगते. नेमबाजीच्या रेंजवर इतर लोक आपापल्या पुंगळ्या पायाने बाजूला सारत होते. श्रीनिवासराव खाली वाकले, गवतातून मला उचललं आणि तळहातावर ठेवलं. मी अजून गरम होते. त्यांनी माझ्या तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग ओठांशी धरून हळूच फुंकर मारली. मी शिट्टी वाजवली! त्या हातासाठी पुढे मी काय काय सोसलं ते मलाच ठाऊक.

घरी गॅरेजमध्ये त्यांचं टेबल होतं. तिथे आम्हाला आंघोळ घालायची, जुनी टोपी काढायची, आणि हातदाब्यात, म्हणजे हाताने चालवायच्या लहानशा यंत्रात, घालून फक्त मान आवळायची. बाकीचं अंग तसंच राहू द्यायचं, म्हणजे रायफलच्या मापाचं. पुंगळी रायफलला जितकी नेमकी बसते तितका नेम चांगला लागतो, असं ते म्हणत. म्हणजे बघा, माझं रूप ते कायम राखायचे, पण कोणासाठी? तिच्यासाठी! मग नवी टोपी, नाजूक काट्यावर तोललेली दारू आणि शेवटी नवी गोळी. पुन्हा मी कामाला तयार.

त्या दारूपायी घरात एकदा चांगलीच गंमत झाली. श्रीनिवासरावांच्या पत्नी सुनीतीबाई पुण्याच्या नणंदेशी फोनवर बोलत होत्या. "काय करणार वन्सं, हे सकाळपासून गॅरेजमध्ये दारू भरत बसलेत," त्या सहज म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर आला. तेव्हापासून जेवणाच्या वेळी सुनीतीबाई मुद्दाम गॅरेजच्या दारातून हाक मारत, "अहो, दारू पुरे झाली असेल तर वरण-भात खायला या!"

माझ्या जळफळाटाचं खरं कारण मात्र रायफलही नव्हती. ते होतं एक नाकर्ती पुंगळी. एका जत्रेत, म्हणजे जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात, श्रीनिवासरावांना ती एका ट्रेमध्ये सापडली. तिच्या बुडावर खडकीच्या दारूगोळा कारखान्याची अक्षरं होती. श्रीनिवासरावांचे वडील त्याच कारखान्यात कामाला होते. झालं! डोळ्यांत पाणी, हातात रुमाल. तिच्या बुडाला एकाऐवजी दोन बारीक भोकं, त्यामुळे आमच्या हत्यारांनी तिची टोपी निघत नाही आणि ती पुन्हा भरता येत नाही. काम ना धाम, तरी बाई फडताळावर उभी! दर खंडेनवमीला पाट मांडला जायचा. रायफलला हळदकुंकू, झेंडूचं फूल. हातदाब्याला हळदकुंकू. खडकीवालीला हळदकुंकू आणि वर एक पाकळी. आणि आम्ही राबणाऱ्या? आम्ही बिस्किटांच्या जुन्या डब्यात, झाकण लावून. राबायचं आम्ही आणि मिरवायचं त्यांनी.

अशी कितीतरी वेळा मी भरली गेले आणि उडवली गेले. प्रत्येक वेळी सवतीच्या त्या ऐसपैस घरात थोडी थोडी ताणली गेले. एकदा मला जाणवलं की बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने, मला एक बारीक रेघ पडली आहे. बाहेरून काही दिसत नव्हतं. बाहेरून मी सोन्यासारखी चमकत होते.

अशी रेघ शोधायला श्रीनिवासरावांकडे एक खास हत्यार होतं, त्यांच्या आईचं चांदीचं कानकोरणं. त्याचं टोक त्यांनी तासून वाकवून घेतलं होतं. ते पुंगळीत घालायचं, बुडापर्यंत न्यायचं आणि भिंतीला टेकवून वर ओढायचं. रेघ असली की टोक अडकतं. ते अडकणं डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना कळतं. अडकलं की पुंगळी बाद. कारण तशी पुंगळी भरली तर ती रायफलमध्येच फाटते, आणि पेटलेला वायू मागे, उडवणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आता ईशानीबद्दल सांगते. श्रीनिवासरावांची मुलगी, कॉव्हेंट्रीतच जन्मलेली, दातांची डॉक्टर. तिने हौसेने स्वतःचं सर्टिफिकेट काढलं आणि वडिलांच्या रायफलवर हात बसवला. बघता बघता तिची नेमबाजी वडिलांपेक्षा सरस झाली. ज्या दिवशी तिच्या गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत लागल्या, त्या दिवशी श्रीनिवासराव तोंडभर "शाब्बास" म्हणाले आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या खिशात होते. ते मौन मला लगेच ओळखू आलं, कारण ते माझ्याच जातीचं होतं.

तिची पहिली मोठी मॅच ठरली, जुन्या लष्करी रायफलींची. आणि टेबलावर नव्या पुंगळ्यांची पेटी आली. ईशानीने आणली होती. कोऱ्या, गुळगुळीत, नाकाने कांदे सोलणाऱ्या! माझ्या अंगाची आग झाली. आता ह्या जाणार मॅचला, आणि आम्ही भंगारात?

पण श्रीनिवासराव म्हणाले, "त्या नव्या असू देत. मॅचला ह्याच न्यायच्या. ह्या आपल्या रायफलच्या मापाच्या आहेत. मी तपासून देतो."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पोटातल्या रेघेचा मी विचारही केला नाही. मला तिच्या मॅचमध्ये उडायचं होतं, नव्या पेटीच्या नाकावर टिच्चून. ईशानीचे डोळे, ईशानीचा चेहरा, यातलं काहीएक माझ्या डोक्यात आलं नाही. मत्सर असा असतो. त्याला आपल्या जागेशिवाय दुसरं काही दिसत नाही.

रविवारची दुपार होती. बापलेक समोरासमोर बसले होते. श्रीनिवासराव एकेक पुंगळी घेऊन कानकोरण्याने तपासत आणि "छान" म्हणून पुढे सरकवत. माझी पाळी आली. टोक माझ्या रेघेवर आलं आणि चक्क अडकलं. पण त्यांनी जोर लावून ते ओढून काढलं आणि म्हणाले, "छान."

मला पुढे सरकवताना त्यांचा अंगठा माझ्यावर घासला. ओला लागला.

"बाबा, रक्त येतंय," ईशानी म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या अंगठ्याला. ते टोक आत गेलंय. तुम्हाला दुखलं नाही?"

"एवढ्याशाने काय दुखायचंय!" ते हसून म्हणाले. पण स्वतःच्या अंगठ्याकडे ते परक्याचा असावा तसे बघत राहिले.

ईशानीने खुर्ची पुढे ओढली. "बाबा, डोळे मिटा. प्लीज. मी टच करणार आहे, कुठल्या बोटाला ते सांगा."

श्रीनिवासरावांनी डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"मधल्या," ते म्हणाले.

तिने अजून हात लावलाच नव्हता.

त्यांनी डोळे उघडले आणि तिचा हात मांडीवरच बघितला. मला तर हे आधीपासून माहीत होतं. माझ्या कडेवरून फिरणारा तो अंगठा हल्ली उगाच जोर करायचा, आणि पूर्वीसारखा थबकायचा नाही. पण मला वाटायचं, त्यांचं माझ्यावरचं मन उडालं. साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर होत होती, आणि मी मात्र रुसून बसले होते.

"कधीपासून, बाबा?"

"असेल थोडे दिवस. उगाच आईला सांगू नकोस."

"आणि हे सगळ्या पुंगळी तुम्ही असंच चेक केला?" ईशानीचं मराठी घाबरली की हमखास घसरायचं. "गिव्ह मी दॅट. आजीचा कानकोरणं द्या इकडे."

तिने पहिल्यापासून सगळ्या पुन्हा तपासायला घेतल्या. नजर भिंतीवर, सगळं लक्ष बोटांत. दवाखान्यात ती कीड शोधते, तशीच. मी तिच्या हातात आले. टोक आत गेलं, वर आलं, थांबलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा तिथेच.

"ही अडकते."

"काजळी असेल आतली," श्रीनिवासराव म्हणाले.

"नाही बाबा. मी रोज हेच करते. धिस इज अ क्रॅक."

"तुझ्या जन्माआधीपासून मी पुंगळ्या भरतोय, ईशानी."

"आय नो. म्हणून तर तुमच्याकडून शिकले ना? कापून बघूया?"

ते उठले. मला शिकंज्यात धरलं आणि स्वतः करवत चालवली. हाताला जाणीव कमी होती, पण सवय शाबूत होती. काप सरळ गेला. मी दुभंगले. त्यांनी चष्मा वर सारून मला खिडकीच्या उजेडात धरलं. बुडाच्या वर, आतल्या बाजूने, अंगठीसारखी गोल चकाकती रेघ. पितळ तिथे कागदाएवढंच उरलं होतं.

श्रीनिवासराव म्हणाले, "हे तुझ्या तोंडावर आलं असतं."

ईशानीने त्यांच्या अंगठ्याला चिकटपट्टी लावली. डब्यातल्या आणखी काही पुंगळ्या तिने बाजूला काढल्या, त्याही माझ्यासारख्याच निघाल्या. श्रीनिवासरावांनी सगळा डबाच भंगाराच्या बादलीत ओतला आणि कानकोरणं पुसून तिच्यापुढे ठेवलं. "आता हे तू ठेव. तपासायचं काम तुझं." थोड्या वेळाने, जरा ताठ बसून, ते पुढे म्हणाले, "पण दारू मीच तोलणार. काटा डोळ्यांनी बघायचा असतो, बोटांनी नाही."

"ऑफ कोर्स, बाबा. ती मला अजून जमतच नाही," ती म्हणाली. हे खरं होतं की त्यांच्यासाठी म्हटलं होतं, मला ठाऊक नाही.

मॅचला नव्या पुंगळ्या गेल्या. ईशानीचा दुसरा नंबर आला. रायफलचे फोटो निघाले. त्या रायफलचाही जीव माझ्यामुळे वाचला, पण सवतीने उपकाराचा एक शब्द काढला असेल तर शपथ. मला श्रीनिवासरावांनी फडताळाच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि माझा दुसरा अर्धा भाग ईशानीच्या किटबॅगेत असतो. क्लबात नवीन कोणी आलं की ती त्याला तो दाखवते. त्याला रोज नवे हात, नवी माणसं. त्याचाही मला हेवा वाटतो, आता काय लपवायचं!

मित्रांनो, परवाच खंडेनवमी झाली. पाट मांडला. रायफल आली, हातदाबा आला, खडकीवाली आली. मी फडताळाच्या कोपऱ्यातून बघत होते. तेवढ्यात श्रीनिवासरावांनी मला उचललं आणि खडकीवालीच्या शेजारी, उघडी बाजू वर करून ठेवलं. कुंकवात बुडवलेला अंगठा माझ्या आतून फिरवला. बोटाला अंदाज नव्हता, कुंकू भसकन सांडलं आणि ती बारीक रेघ लालभडक भरून गेली. आता ती दारातूनही दिसत होती.

"बाबा, खूप जास्त झालं," ईशानी म्हणाली.

"असू दे," श्रीनिवासराव म्हणाले. "दिसायला हवं."

म्हणून तुम्हालाही माझी विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू नुसत्या वरून पुसू नका, कधीतरी आतूनही चाचपून बघा. आणि ज्या हातांनी त्या सांभाळल्या, ते हातही हातात घ्या. ते स्वतःहून काही सांगायचे नाहीत.

बाकी माझं म्हणाल तर मी सुखात आहे. फक्त झेंडूचं मोठं फूल याही वर्षी रायफललाच मिळालं, आणि मला नुसतं कुंकू. मी पाहिलं आहे.